बिल्ल्यामागचे काम

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत शिक्षणाविषयीचे बोलणे बहुधा गुणांपासून सुरू होते आणि गुणांपाशीच येऊन थांबते. लातूर पॅटर्नचे नाव ज्या सराव-परीक्षांच्या अखंड आवर्तनामुळे सबंध महाराष्ट्रात झाले, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. कारण औसा, निलंगा, मुखेड, कंधार अशा तालुक्यांतील, ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशा मुलामुलींना त्या परिश्रमांनीच वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाचे दरवाजे उघडून दिले. परंतु गुणपत्रिकेवर ‘संगणक नेटवर्क : 62’ एवढा आकडा वाचून, त्या विद्यार्थ्याला चार संगणक प्रत्यक्ष एकमेकांशी जोडता येतात की नाही, हे नांदेडच्या वजिराबादेतील दुकानदाराला उमगत नाही, आणि पुण्याच्या हिंजवडीतील कंपनीच्या अधिकाऱ्यालाही उमगत नाही. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने जी ‘डिजिटल बॅज’ची पद्धत तंत्रशिक्षणात शिरली आहे, तिचा व्यवहार नांदेडच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि पुढे लातूरच्या एका संगणक विभागात, शिक्षकांच्या परवानगीने मागच्या बाकावर बसून, मी जवळून पाहिला.

बॅज म्हणजे दिसायला पडद्यावरचा एक षट्कोनी किंवा वर्तुळाकार बिल्ला. 2011 साली अमेरिकेत मोझिला या संस्थेने मॅकआर्थर फाउंडेशनच्या साहाय्याने ‘ओपन बॅजेस’ या नावाने त्याचे खुले मानक घडविण्यास प्रारंभ केला. 2017 मध्ये ती जबाबदारी आयएमएस ग्लोबलकडे गेली, आणि हीच संस्था आज वनएडटेक या नावाने ओळखली जाते. या मानकाचे मर्म असे की बिल्ल्याच्या चित्रासोबतच त्याचा सारा तपशील नोंदलेला असतो: तो कोणी दिला, कोणाला दिला, कोणत्या तारखेस दिला, तो मिळविण्याची अट कोणती होती, आणि ती अट पुरी झाल्याचा पुरावा कोठे पाहावयास मिळेल. शेतकऱ्याच्या हातातील सातबाऱ्याच्या उताऱ्याला मोल येते ते तलाठ्याच्या दप्तरातील नोंदीशी तो केव्हाही ताडून पाहता येतो म्हणून. बॅजचे बळही अशाच खातरजमेत आहे. मात्र या तपशिलातील एक गोष्ट मला आरंभी ठाऊक नव्हती, आणि ती कळल्यावर पुढचे सारे निरीक्षण मी तिच्याच प्रकाशात केले. देणाऱ्याचे नाव, अट आणि तारीख या बाबी मानकाप्रमाणे अनिवार्य आहेत; पुरावा तेवढा ऐच्छिक आहे. ती जागा कोरी ठेवली तरी बिल्ला तितकाच झळकतो.

नांदेडच्या प्रयोगशाळेत त्या दुपारी सिस्को नेटवर्किंग अकादमीच्या अभ्यासक्रमाचा तास चालू होता. 1997 साली सुरू झालेल्या या उपक्रमाचे ‘पॅकेट ट्रेसर’ नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. खरे राउटर आणि स्विच विकत घेण्याची ऐपत नसलेल्या संस्थांसाठी ते मोठेच वरदान होय, कारण पडद्यावर काढलेली ही यंत्रे खऱ्या यंत्रांसारखीच वागतात आणि खऱ्यांसारखीच अडतात. कंधार तालुक्यातून रोज एसटीने येणारी एक मुलगी दोन निरनिराळी नेटवर्क मधल्या राउटरने जोडीत होती. संगणक आणि स्विच यांमधील तारेवरचा नारिंगी ठिपका अर्ध्या मिनिटात आपोआप हिरवा झाला. राउटरकडील त्रिकोण मात्र लालच राहिला. तिने पत्ते पुन्हा तपासले, तार काढून पुन्हा जोडली, वही चाळली, आणि मग एकाएकी काही आठवल्यासारखे करून ‘नो शटडाउन’ ही आज्ञा लिहिली. कारण राउटरची दारे मुळात बंद असतात, ती उघडण्याचा हुकूम माणसानेच द्यावा लागतो. त्रिकोण हिरवे झाले. नंतर पलीकडच्या संगणकास तिने ‘पिंग’ केले, म्हणजे जोडणी तपासण्यासाठी माहितीची चार पाकिटे पाठविली, तेव्हा त्यांपैकी पहिले परत आलेच नाही.

“सर, पहिलं पाकीट गळालं बघा. बाकीचे तिन्ही आले.”

“कामून गळालं असंल? सांग बरं.”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “पुढच्याचा पत्ता आधी माहीत नसतो ना सर. ‘हा पत्ता कुणाचा’ म्हणून विचारण्यातच पहिल्याची वेळ निघून जाते. आता परत पाठवते, चारही येतील.” आणि खरोखरच चारही आली.

माझ्या मते त्या तासातील सर्वोत्तम शिक्षण त्या तीन-चार वाक्यांत घडले. बंद दार ओळखणे, आणि गळालेल्या पाकिटाचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगणे, हेच तर नेटवर्क सांभाळणाऱ्याचे कौशल्य. परंतु महिन्याभराने तिला जो बॅज मिळाला, तो शेवटच्या बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेतील गुणांवर मिळाला; त्या दुपारचा त्यात मागमूस नव्हता. शिक्षकांना मी हे बोलून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, “खरंय. म्हणून मी प्रत्येकाची फाइल ठेवून घ्यायलोय. बॅज कंपनीचा, पण पुरावा आपल्या कपाटात.” आपल्या बॅजला कोणी प्रश्न केला तर विद्यार्थ्याने ती फाइल उघडून, राउटर बंद करून, पुन्हा चालू करून दाखवावा, अशी त्यांची शिस्त आहे.

याच ठिकाणी आणखी एक बाब ध्यानात आली, जी या विषयावर लिहिणाऱ्यांना बहुधा क्षुल्लक वाटते. बॅज ई-मेलच्या पत्त्यावर दिला जातो; आणि खेड्यातून आलेल्या अनेक मुलांचे ई-मेल मोबाइलच्या दुकानदाराने, थोरल्या भावाने किंवा प्रवेशाचा अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राने काढून दिलेले असतात, ज्यांचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. काही संस्था विद्यार्थ्यांना आपला ई-मेल देतात, पण पदवीनंतर तो बंद पडतो, आणि त्याबरोबर बॅजही विद्यार्थ्याच्या हातचा जातो. भरीला नावाचा घोटाळा: आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव, परदेशी संकेतस्थळावर तोच मुलगा दोनच नावांनी, तीही उलट क्रमाने नोंदलेला. वर्षाचा पहिला तास हे शिक्षक स्वतंत्र ई-मेल उघडणे, तो वहीत लिहून ठेवणे आणि सर्वत्र एकच नाव वापरणे यासाठीच खर्च करतात. तो तास वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही.

नक्कल हा या पद्धतीचा खरा रोग आहे. गुगल क्लाउडच्या कौशल्य-बॅजमध्ये शेवटी एक आव्हान-प्रयोग असतो; त्यात पायऱ्या सांगितलेल्या नसतात, केवळ अपेक्षित फळ सांगितलेले असते, मुदत ठरलेली असते आणि तपासणी यंत्र करते. योजना विचारपूर्वक आखलेली आहे. तथापि अशा प्रयोगांच्या आयत्या उत्तरांच्या चित्रफिती सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे, एका खिडकीत चित्रफीत आणि दुसऱ्या खिडकीत प्रयोग उघडून आज्ञा जशाच्या तशा उतरविणारे विद्यार्थीही मी पाहिले. मुदत संपली की ते तात्पुरते खाते आणि त्यातील सारे काम पुसले जाते. उरतो तो बिल्ला, आणि प्रामाणिक व अप्रामाणिक दोघांचा बिल्ला हुबेहूब सारखा. 2020 च्या टाळेबंदीत वेबिनार आणि प्रश्नमंजूषा यांच्या ई-प्रमाणपत्रांचा जो सुकाळ झाला, त्याने अशा कागदांची किंमत किती उतरली हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. केवळ हजेरीसाठी बॅज देणारी संस्था आपल्याच होतकरू विद्यार्थ्यांवर अन्याय करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लातूरला मी पाहिले ते काम याहून साधे, पण मला अधिक मोलाचे वाटले. मूडल हे अध्यापनासाठी वापरले जाणारे विनामूल्य सॉफ्टवेअर. 2013 पासून, म्हणजे त्याच्या 2.5 या आवृत्तीपासून, त्यात बॅज देण्याची सोय आहे. कोणत्याही कंपनीचा आश्रय न घेता शिक्षकाला आपल्या वर्गापुरता बॅज त्यात घडविता येतो. चित्र, नाव, वर्णन हे रकाने भराभर भरून झाले. पण ‘अट’ या एका रकान्यापाशी दोन शिक्षकांनी एक अख्खी संध्याकाळ घालविली. पहिला मसुदा होता, ‘पायथनचा अभ्यासक्रम पूर्ण केला’. ज्येष्ठ मॅडमनी तो खोडला. “पूर्ण केला म्हणजे काय केलं, ते लिहा,” असे त्या म्हणाल्या. अखेर जी अट मंजूर झाली ती अशी: विद्यार्थ्याने घरच्या, दुकानाच्या किंवा शेताच्या खऱ्या नोंदींची फाइल वाचून, रिकाम्या व चुकीच्या नोंदी बाजूला काढून, महिनावार बेरीज देणारा प्रोग्रॅम लिहावा; शिक्षकांनी ऐन वेळी दिलेली दुसरी फाइल त्यावर चालवून दाखवावी; आणि विचारतील ती ओळ का लिहिली हे तोंडी सांगावे.

एका विद्यार्थ्याने वडिलांच्या सोयाबीन विक्रीच्या पट्ट्या, आडत्याकडून मिळालेल्या त्या चिठ्ठ्या, संगणकात उतरवून आणल्या होत्या. प्रोग्रॅम चालला, बेरीज आली, परंतु मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवले. एका पट्टीवर वजन 18 होते, दुसरीवर 40. पहिले क्विंटलमध्ये, दुसरे किलोमध्ये. आणि प्रोग्रॅमने निःशंकपणे 58 अशी बेरीज केली होती. बॅज त्या दिवशी मिळाला नाही. ‘अद्याप नाही’ असा शेरा आणि त्याखाली दोन ओळींचे कारण एवढे नोंदविले गेले. पुढच्या आठवड्यात तो एककाचा निराळा रकाना करून परत आला, तारखांचे दोन वेगवेगळे प्रकारही त्याने स्वतःहून एक केले होते. तेव्हा बॅज दिला गेला, आणि पुराव्याच्या जागी त्याचे दोन्ही प्रोग्रॅम, चुकलेला आणि सुधारलेला, जोडले गेले. चुकलेला प्रोग्रॅम जपून ठेवण्याचा हा निर्णय मला फार समंजस वाटला. कारण माणूस काय शिकला हे त्या दोहोंमधील अंतरावरून जितके कळते, तितके केवळ शेवटच्या उत्तरावरून कळत नाही.

या पद्धतीचा खर्च पैशात नाही, वेळेत आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला दहा मिनिटे दिली तरी दहा तास होतात, आणि ‘अद्याप नाही’ म्हटलेल्यांसाठी पुन्हा वेगळे. परीक्षा, मूल्यांकन-समित्या आणि अहवाल यांच्या ओझ्याखाली वावरणाऱ्या शिक्षकांना हे तास कोठून द्यावयाचे, याचा विचार प्राचार्यांनी वेळापत्रक आखतानाच केला पाहिजे. एरवी पुराव्याचा रकाना कोराच राहील.

जुन्या प्रमाणपत्रांना यामुळे बाध येण्याचे कारण नाही. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने सुरू केलेल्या एमएस-सीआयटीने मराठवाड्यातील गावोगावी संगणक साक्षरता नेली, हे निर्विवाद आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाच्या प्रमाणपत्रात स्वाध्यायांना 25 टक्के आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेला 75 टक्के भार असतो. 60 च्या पुढे ‘एलिट’, 75 च्या पुढे रौप्य, 90 च्या पुढे सुवर्ण, अशी त्याची प्रतवारी आहे, आणि तिला मान आहे. त्याचे श्रेयांक विद्यापीठाच्या हिशेबात जमा होऊ शकतात. परंतु ही सारी परिमाणे ‘किती’ याचे उत्तर देतात. ‘काय’ याचे उत्तर देण्याची जागा बॅजमध्ये आहे, फक्त ती भरली गेली पाहिजे.

आणखी एक मागणी मांडणे मला अगत्याचे वाटते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, पायथन, लिबर ऑफिस यांचे छोटे पाठ मराठी आवाजात तयार केले, आणि इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या मुलांना ते ऐकत-ऐकत हाताने काम करता येते. शिकणे मराठीत होऊ शकते, तर शिकल्याची नोंदही मराठीत का असू नये? खुल्या मानकात अट कोणत्याही भाषेत लिहिता येते. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत ती लिहिली, तर पुण्याचा अधिकारी जे वाचील तेच मुखेडचे वडीलही वाचतील.

म्हणून नांदेड-लातूरच्या तंत्रविषयांच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे: या सत्रात सगळ्या अभ्यासक्रमाला हात न घालता एकच प्रात्यक्षिक निवडावे, त्याची अट आपल्या भाषेत नेमकी लिहावी, विद्यार्थ्याला समोर बसवून दहा मिनिटे प्रश्न विचारावेत, आणि त्याचे काम बॅजला जोडल्याखेरीज तो देऊ नये.