न मागितलेल्या सेवेचे पैसे

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीसारख्या गावात बहुतेकांचा मोबाइल प्रीपेड. चुकून बटण दाबले जाते, कॉलरट्यून सुरू होते आणि शिल्लक गुपचूप घटते.

हे रोखण्यासाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2013 मध्ये नियम कडक केला: ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येत नाही. ती बंद करायला 155223 हा मोफत क्रमांक आहे.

तरीही कंपनीने ऐकले नाही तर? 2009 च्या एका निकालामुळे दूरध्वनी बिलांच्या तक्रारींना ग्राहक मंचाचे दार बंद झाले होते. पुढे अहमदाबादच्या एका ग्राहकाला, ज्याचे महिन्याचे बिल सरासरी 555 रुपये येई, 2013 च्या अखेरीस तब्बल 24,609 रुपयांचे बिल आले. तो मंचात गेला. मंचाला अधिकारच नाही, असे म्हणत कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. 16 फेब्रुवारी 2022 रोजी न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला: मंचाला अशी तक्रार ऐकता येते. एका बिलासाठी आठ वर्षे! ही चिकाटी साऱ्यांच्या कामी आली.

आता बेंबळीच्या ग्राहकालाही धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीच्या मंचात) जाता येते. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षे. पैसे कापल्याचा संदेश मात्र पुसू नका.