चकाकी हवी की जाडी?

जुनं, पण चालतं : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण किल्लीच्या घड्याळापाशी थांबलो होतो. घड्याळ बिघडलं तर फार तर गाडी चुकते. आजची वस्तू मात्र बिघडलेली असताना वापरली, तर डावा हात जाऊ शकतो. कारण नळी फुटते ती बहुधा तो हात जिथे असतो त्याच्या आसपास. वस्तू आहे इंग्लंडात घडलेली, शंभरेक वर्षांची दुनळी बंदूक.

१८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या अँसन आणि डीली या दोघांनी एक पेटंट घेतलं. तोवर बहुतेक बंदुकांचे घोडे बाहेर असत आणि दर बाराला अंगठ्याने ताणावे लागत. या दोघांनी घोडे आत नेले आणि ते ताणण्याचं काम नळ्यांच्याच वजनाला दिलं. काडतूस भरायला बंदूक बिजागरीवर उघडली, की नळ्या खाली झुकताना घोडे आपोआप ताणले जातात. सुटे भाग थोडे, म्हणून किंमतही आवाक्यातली. लंडनच्या उमरावी बंदुकांच्या वाटेला न जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या, खेड्यातल्या डॉक्टरांच्या घरी ती पोचली. आज तिकडच्या नेमबाजांना एकावर एक नळी असलेल्या बंदुका आवडतात, त्यामुळे या साध्या, शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुका लिलावात स्वस्तात जातात. घेणारे दोन प्रकारचे. एक भिंतीवर टांगणारा, दुसरा रविवारी सकाळी मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम धरणारा. आपलं काम दुसऱ्याशी.

तपासणीची सुरुवात कानाने होते. नळ्यांची जोडी दस्त्यापासून सोडवायची, खालच्या आकड्यात बोट घालून अधांतरी धरायची आणि नखाने टिचकी मारायची. माठ घेताना आपण मारतो तशीच. दोन्ही नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या डाखाने बसवलेल्या असतात. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा लांबणारा नाद येतो. कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो आणि तिथेच विझतो. त्या फटीतून ओल शिरते आणि नळी बाहेरून, पट्टीच्या आड, कुणाला न दिसता गंजत जाते.

दुसरी तपासणी काजळीची. नळ्यांचं मागचं तोंड आणि समोरची पोलादी भिंत एकमेकींना घट्ट भिडायला हव्यात. कारागीर दिव्याची काजळी धरतो, बंदूक मिटतो, उघडतो. काजळी जिथे पुसली गेली तिथे धातू टेकतो आणि जिथे तशीच राहिली तिथे फट आहे. बिजागरी झिजून फट पडली, की काही जण पत्र्याचा कपटा घालून ती बुजवतात. विकण्यापुरती बुजते, चार दिवसांनी पुन्हा उघडते. खरी दुरुस्ती म्हणजे झिजलेल्या आकड्यावर धातू चढवायचा, मग कानशीचा एक हात, पुन्हा काजळी, पुन्हा एक हात. दिवस जातो आणि निघालेला कीस चिमटीत मावतो.

तिसरी तपासणी मापाची, आणि सगळा निकाल तिच्यावर. बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्याने उभं राहिलेलं प्रूफ हाउस आहे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला तर सनद मिळाली १६३७ साली. विक्रीआधी प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जबर भरणाचं काडतूस उडवायचं आणि ती टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा, हे या संस्थांचं काम. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास ०.७२९ इंच. तो मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर मोजतात. शिक्का ०.७२९ चा आणि आजचं माप ०.७४० भरलं, तर बंदूक प्रूफबाहेर गेली. ब्रिटनमध्ये तशी बंदूक विकणं गुन्हा आहे. फरक पाव मिलिमीटरहून जरासा जास्त.

हा पाव मिलिमीटर कुठे गेला? थोडा गंजाने खाल्ला, पण बराचसा हौसेने. नळीत गंजाचे खड्डे दिसले की आतून घासून आरसा करण्याचा मोह होतो. बाहेरचा काळा रंग उडाला की तो पुन्हा चढवावासा वाटतो. त्याची रीत सुंदर आहे: मुद्दाम गंज आणायचा, उकळत्या पाण्यात टाकून तो काळा पाडायचा, तारेच्या ब्रशने खरवडायचा, आणि हे पुन्हापुन्हा. पण त्याआधी नळी बाहेरून घासावी लागते. आतून एकदा, बाहेरून एकदा, अशा तीन-चार मालकांच्या हौसा झाल्या, की मधल्या भागात नळीची भिंत नखाएवढी उरते. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलेल्या नळीला जाणते कारागीर हात लावत नाहीत. भिंतीवर टांगणाऱ्याला चमक दिसते. उडवणाऱ्याला जाडी विचारावी लागते, आणि म्हणून तो खरवडण्याआधी थांबतो. जुनी बंदूक वापरात ठेवण्याचा मोठा फायदा हाच आहे.

लाकडाचं दुखणं वेगळं. वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवलेल्या बंदुकीचं तेल निथळून दस्त्याच्या मानेत मुरतं, अक्रोडाचं लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं. म्हणून तेल घातलेली बंदूक काही काळ तोंड खाली करून ठेवावी. पोचे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली की वाफेने फुगून वर येतात, तासावं लागत नाही. वर जवसाच्या तेलाचे पातळ हात. त्या तेलात इंग्लिश कारागीर रतनजोतीच्या जातकुळीतली मुळी मुरवतात, तिने लाकडाला लालसर झाक येते.

एवढं करूनही चूक होते ती काडतुसात. जुन्या नळीतलं काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं, आजची बरीच काडतुसं ७० ची. हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या पुठ्ठ्याचं. न उडालेलं, तोंड दुमडलेलं काडतूस आखूड असतं, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या घरात निमूट बसतं. बार झाला की तोंड उघडतं, नळीच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, हा हिशेब इथे खोटा. पोलादी छर्रेही या नळ्यांसाठी नाहीत. शिसं वापरायचं नसेल तर बिस्मथ.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबली, तरी कोकणात वानर-डुकरांपासून बागा राखायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. तुमच्याकडे अशी आजोबांच्या काळची बंदूक असेल तर वरचं सगळं पारखायला वापरा, हात मात्र परवानाधारक कारागिरालाच लावू द्या. १९५९ चा शस्त्र कायदाही तेच सांगतो. आणि तो म्हणाला, ‘खड्डे राहू देत, भिंत चांगली आहे,’ तर त्याच्याशी वाद घालू नका.

पुढच्या आठवड्यात बाजाची पेटी. तिथेही हातात कानसच आहे. स्वराच्या पितळी पट्टीचं टोक खरवडलं तर सूर चढतो, बूड खरवडलं तर उतरतो. सूर असा मागेपुढे करता येतो. पितळ मात्र दोन्ही वेळा कमीच होतं.