गार पाणी आणि निवळ पाणी

आमच्या बेळगावच्या घरात माठाची जागा ठरलेली होती. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडील कोपऱ्यात, लाकडी तिवईवर, खानापूरच्या मातीचा माठ वर्षानुवर्षे बसलेला असे. माठ फुटला तरी जागा बदलत नसे. बाजारातून नवा येई आणि त्याच तिवईवर विराजमान होई. त्याच्या पाण्याचा सारा अधिकार आईकडे. नळाला पाणी आले की पहिली घागर अंगणातल्या तुळशीला, दुसरी भांड्यांना, आणि पाणी निर्मळ येऊ लागल्यावर चारपदरी फडक्यातून गाळलेली घागर पिण्याला, असा तिचा नेम. पावसाळ्यात त्याच्या जोडीला उकळणे आलेच. आज तिने ऐंशी ओलांडली आहे, पण या क्रमात कधी खंड पडलेला मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात पुण्यास नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी आमच्यासाठी नवे शीतकपाट धाडले. फ्रीज आमच्या घरी पूर्वीही होता. गोदरेजने १९५८ साली देशी बनावटीचे फ्रीज तयार करण्यास आरंभ केला, आणि पुढील दोन-तीन दशकांत निपाणी-बेळगावकडच्या मध्यमवर्गीय घरांतूनही ती पांढरी कपाटे दिसू लागली. परंतु हे नवे प्रकरण निराळे होते. त्याच्या दारावरच पाण्याची तोटी होती. पेला टेकवला की गार पाणी पडावे, आणि आतल्या यंत्राने बर्फाचे खडे आपोआप पाडावेत, अशी योजना. त्यासाठी मागील बाजूस पाव इंची नळी जोडून घरातील नळाचे पाणी कायमचे देणे आवश्यक होते.

जोडणीसाठी आलेला मिस्त्री तरुण होता. फ्रीज उघडण्यापूर्वीच त्याने विचारले, "गुरुजी, तुमच्याकडं पाणी चोवीस तास येतंय काय?" मी हसून म्हणालो, "ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येतं. आम्ही हौदात साठवतो आणि पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवतो." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग याचं जरा अवघडच हाय की हो."

दाबाचे गणित

ती अडचण काय, हे त्याने मला एका कागदावर समजावून दिले. फ्रीजमध्ये पाणी सोडणारी झडप विजेवर उघडते व मिटते; पण ती नीट चालण्यास पाण्याचा काही एक दाब लागतो. या जातीच्या पुष्कळ फ्रीजना प्रतिचौरस इंचास किमान २० पौंड दाब हवा असतो. पाण्याच्या एक पौंड दाबासाठी सुमारे २.३ फूट उंची लागते. म्हणजे नुसत्या उंचीच्या बळावर २० पौंड दाब मिळवायचा तर टाकी फ्रीजच्या वर ४६ फुटांवर, साधारण चौथ्या मजल्याच्या माथ्यावर, हवी. आमची टाकी जेमतेम १८ फुटांवर! तिचा दाब आठ पौंडही भरेना. दाब कमी पडला की बर्फाचे खडे पोकळ व चिमुकले होतात, आणि झडप पुरती न मिटल्यास पाणी ठिबकत राहते.

याचे कारण उघड आहे. ज्या देशांत हे यंत्र प्रथम घडले, तेथे रस्त्यातील जलवाहिनी रात्रंदिवस दाबाखाली भरलेली असते. आपल्याकडे पाणी येते आणि जाते. म्हणून हौद, पंप, टाकी, पिंप, घागर असा साठवणीचा सारा संसार आपण मांडला. फ्रीजच्या त्या पाव इंची नळीने 'नळ कधीच रिकामा नसतो' असे गृहीत धरले होते, आणि आमच्या घराची सारी रचना नेमक्या उलट गृहीतावर उभी होती.

बेळगावचे पाणी

बेळगावला पाण्याचे मोल नवे नाही. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा जमणाऱ्या समुदायासाठी टिळकवाडीच्या बाजूस मुद्दाम विहीर खोदावी लागली. 'काँग्रेस विहीर' म्हणून ती आजही ओळखली जाते. पुढे १९६२ साली मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे पाणी शहराला मिळू लागले. तेही अपुरे पडू लागल्यावर घटप्रभेवरील हिडकल धरणाकडे वळावे लागले. हिडकलची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट आणि बेळगाव शहर सुमारे २५०० फूट. म्हणजे ते पाणी शेकडो फूट वर चढवून आणावे लागते. आपण पेला हातात घेतो तेव्हा हा चढ आपल्या ध्यानीमनीही नसतो.

याच शहरात २००८ साली एक उल्लेखनीय प्रयोग झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा येथील निवडक प्रभागांत चोवीस तास दाबाने पाणी देण्यात आले. बेळगावचे दहा प्रभाग त्यांत होते. पुढे ती व्यवस्था उर्वरित शहरात नेण्याचे काम हाती घेण्यात आले. आमच्या गल्लीत मात्र अद्याप हौदाचेच राज्य आहे.

माझी चूक

दाबाच्या प्रश्नावर तोड निघाली. टाकीच्या नळावर एक लहान पंप बसवला, पितळी झडप लावली, आणि नळी फ्रीजला जोडली. निघताना तो मिस्त्री मात्र म्हणाला, "गुरुजी, हौदाचं पाणी थेट यात देऊ नका. आधी शुद्धीकरणाचं यंत्र बसवा, नाहीतर बाटलीतलंच प्या." मी त्याला फ्रीजमधील गाळणी दाखवून म्हटले, "ही कशासाठी आहे मग?" तीस वर्षे वर्गात शंका विचारण्यास उत्तेजन देणारा मी, त्या दिवशी त्याच्या शंकेला मी जागाच ठेवली नाही.

आईने पहिला पेला हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, "गार झालं म्हणजे निवळ झालं काय रे?" आम्ही सारे हसलो. तिने पेला खाली ठेवला आणि माठाकडे वळली.

आषाढात चार वर्षांची नात आजोळी जाण्यापूर्वी आमच्याकडे आली. पेला टेकवला की पाणी पडते, या खेळात तिचे दिवस रमले. बर्फाचे खडे चोखणे हा दुसरा खेळ. पाचव्या दिवशी रात्री तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत डोळे खोल गेले, ओठ सुकले. दोन दिवस तिला दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन द्यावे लागले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता : "पाणी कुठलं पिते?"

घरी परतताच मी हौदाचे झाकण उचलले. झाकणाला तडा गेलेला होता आणि अंगणातील पावसाचे पाणी त्यातून आत उतरल्याची चिखलाची रेघ भिंतीवर स्पष्ट दिसत होती. तळाशी बोटभर गाळ. तो हौद दोन वर्षे उपसलेला नव्हता. मुलीचा आजार त्याच पाण्याने झाला, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु घरातील उकळलेले पाणी पिणारी माणसे ठणठणीत होती, आणि त्या तोटीचे पाणी पिणारी पोर अंथरुणावर होती. मला आणखी पुरावा नको होता.

थंडी आणि शुद्धी

फ्रीजसोबतची पुस्तिका मी त्यानंतर प्रथम शेवटपर्यंत वाचली. ज्या पाण्याच्या जंतुविरहिततेची खात्री नाही, त्या पाण्याला ही गाळणी वापरू नये, असे तीत बारीक अक्षरांत छापलेले होते. अशा गाळणीतील कोळसा वास, गढूळपणा आणि क्लोरीन काढतो. सर्व जंतू काढणे हे त्याचे काम नव्हे. उलट क्लोरीन निघून गेल्याने पाण्याचा उरलासुरला पहारेकरीही नाहीसा होतो. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, त्यांचा नाश होतोच असे नाही. बर्फातही पुष्कळ जंतू तग धरून राहतात.

खंडित पाणीपुरवठ्याचा धोका केवळ आपल्या हौदापुरताही नसतो. वाहिनी रिकामी झाली की सांध्यांतून व तड्यांतून भोवतालचे मलिन पाणी आत शोषले जाऊ शकते. एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी हुबळी-धारवाडच्या नळांचे नमुने तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खंडित पुरवठ्याच्या नळांवरील सुमारे ३२ टक्के नमुन्यांत मलदूषणाचे निदर्शक जंतू आढळले. अखंड पुरवठ्याच्या नळांवर हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. आईचे 'पहिली घागर तुळशीला' हे शास्त्र मला त्या दिवशी नव्याने कळले.

ज्या वाचकांच्या घरी असे शीतकपाट येऊ घातले असेल, त्यांनी खरेदीपूर्वीच नळाचा दाब मोजून घ्यावा. साठवणीचे पाणी असेल तर जंतुनाशक यंत्रातून काढूनच ते फ्रीजला द्यावे. जोडणीसाठी नळाला भोक पाडणारा चिमटा न वापरता स्वतंत्र झडप बसवावी, आणि ती हाताशी असावी. परगावी जाताना न चुकता मिटवावी. फ्रीज पुढे ओढता यावा इतकी नळी मागे वेटोळून ठेवावी. नव्या गाळणीतून आलेले पहिले काही लिटर पाणी आणि पहिल्या दिवसाचा बर्फ टाकून द्यावा. गाळणी साधारणतः सहा महिन्यांनी बदलावी. आणि हे सर्व जड वाटत असेल तर हाताने पाणी भरण्याची टाकी असलेला फ्रीज घ्यावा. त्यात उकळून निवविलेले पाणी ओतता येते.

आमच्याकडील पितळी झडप त्या आषाढापासून बंद आहे. हौदाला नवे झाकण बसले, आणि तो आता वर्षातून दोनदा उपसला जातो. देखरेखीस आई खुर्ची टाकून बसते. फ्रीजमध्ये उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या असतात. त्या मिस्त्रीला मी एकदा मुद्दाम बोलावून चहा दिला आणि त्याचे म्हणणे खरे ठरल्याचे सांगितले. तो संकोचून एवढेच म्हणाला, "पोरगी बरी हाय नव्हं? मग झालं."

अखंड पाणी आमच्या गल्लीत येईल, तेव्हा ते आधी तपासून घेऊ आणि मगच ती झडप उघडू. तोवर नात सुट्टीत आली की दारावरची तोटी दाबून पाहते, पाणी येत नाही म्हणून खट्टू होते, आणि पेला घेऊन पणजीच्या माठाकडे जाते.