दारू, मुले आणि मुली

चंडीगड विद्यापीठ ज्या पंजाबात आहे, तेथे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) 15 वर्षे व त्यावरील 22.8 टक्के पुरुष मद्य घेतात, स्त्रिया फक्त 0.3 टक्के. हे आकडे केवळ विद्यार्थ्यांचे नाहीत. पण विद्यार्थी याच समाजातून येतात. स्त्री-पुरुषांमधील हा फरक शरीराने नव्हे, रूढींनी घडवलेला आहे. म्हणूनच महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण 0.4 टक्के असताना शेजारच्या गोव्यात ते 5.5 टक्के आहे. बदनामीच्या भीतीने मुली खरे सांगत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने मुद्दा बळकटच होतो. जी बंधने पिणे रोखतात, तीच बोलणेही रोखतात आणि लपून पिणारी मुलगी मदत मागायला कचरते.

मग मुलींनी पिण्यात मुलांशी बरोबरी केली तर बिघडले कुठे? स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच वजनाला, तेवढ्याच मद्याने रक्तातील अल्कोहोल अधिक वाढते. म्हणून बरोबरी पिण्यात नको, न पिण्यात हवी. पंजाबात मद्यासाठी किमान वय 25 आहे, मुलांसाठीही आणि मुलींसाठीही. महाविद्यालयांनी मुलांच्या पिण्याकडे ‘वयच तसे असते’ म्हणून काणाडोळा करणे आधी थांबवावे.