शेगडी कोणत्या दिवशी पेटवावी?

श्रीनगरमध्ये ऑक्टोबर संपत आला की चिनारांची पाने तांबडी होऊन गळू लागतात. ती झाडून त्यांचे ढीग करावयाचे, ढीग पेटवावयाचे आणि पाने जळून पुरती राख होण्यापूर्वीच पाणी शिंपडून विझवावयाचे, असा तेथील फार दिवसांचा रिवाज. उरलेला हलका कोळसा पोत्यांत भरून ठेवतात. वाळुंजाच्या फांद्यांनी विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे बसविलेले असते, तीच कांगडी. कोळशाचे निखारे तिच्यात घालून ती फेरनच्या, म्हणजे काश्मिरी घोळदार झग्याच्या आत धरली की माणूस हिंडता-फिरता उबेत राहतो.

कांगडी पेटवावी की नाही याचा विचार कोणाला फारसा करावा लागत नाही. ती एका माणसाची शेगडी आहे. ज्याला थंडी वाजली त्याने ती घ्यावी. परंतु सबंध घर तापवावयाचे झाले, की प्रश्न एकाचा राहत नाही. हिंडणाऱ्या मुलाला जी हवा आल्हाददायक वाटते, तिच्यातच एका जागी बसलेल्या आजीचे हातपाय गार पडतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून दर क्षणी सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. कष्टाचे काम करताना ती कित्येक पट वाढते. तेव्हा घरातील माणसांचे याबाबत एकमत होत नाही, यात कोणाचा हट्टीपणा नसतो. प्रत्येकाचे शरीर आपापल्या परीने खरेच सांगत असते.

मग भिंतीवरच्या तापमापकाला विचारावे काय? तापमापकही अर्धेच उत्तर देतो. तो सांगतो हवेचे तापमान. माणसाची उष्णता मात्र केवळ हवेला मिळत नाही. तिचा मोठा भाग प्रारणाच्या रूपाने समोरच्या भिंतींकडे, काचांकडे व फरशीकडे जातो. खोलीतील हवा २० अंश सेल्सिअस असली आणि भिंती थंडगार असल्या, तर बसणाऱ्याला हुडहुडी भरते. उलट भिंती उबदार असतील तर १८ अंशांतही त्याचे बरे चालते. दगडाच्या, विटांच्या वा मातीच्या जाड भिंती उन्हाळाभर उष्णता साठवितात आणि ती सावकाश सोडतात. म्हणूनच बाहेर १० अंशांचा दिवस ऑक्टोबरमध्ये निघतो तेव्हा घरात शेगडीवाचून भागते. तोच १० अंशांचा दिवस मार्चमध्ये आला तर भागत नाही, कारण तोवर भिंती आपली सर्व पुंजी खर्च करून बसलेल्या असतात. एका थंड रात्रीने घाबरून जाऊ नये, असे जुनी माणसे म्हणतात त्याचे कारण हेच. घराला थंडी उशिरा कळते.

घर तापविण्यासाठी लागणारे इंधन हे घरातील व बाहेरील तापमानांच्या फरकाच्या प्रमाणात असते. तथापि हा फरक टिकवून ठेवण्याचे सर्वच काम शेगडीला करावे लागत नाही. माणसांची उष्णता, चूल, दिवे, खिडकीतून येणारे ऊन या सर्वांची मिळून काही अंशांची ऊब फुकटच मिळते. त्यामुळे बाहेरचे तापमान एका ठराविक पातळीच्या खाली उतरेपर्यंत शेगडीची गरज पडत नाही. ही पातळी ब्रिटनमध्ये १५.५ अंश, तर अमेरिकेत ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८.३ अंश सेल्सिअस धरण्याची प्रथा आहे. दिवसाचे सरासरी तापमान या पातळीच्या जितके अंश खाली, तितके त्या दिवसाचे ‘अंश-दिन’. सोयीसाठी पातळी १८ धरली आणि लागोपाठच्या पाच दिवसांची सरासरी १०, ८, ७, ६ व ७ अंश भरली, तर ८, १०, ११, १२ व ११ मिळून ५२ अंश-दिन झाले. हिवाळाभरच्या अशा बेरजेवरून कोणत्या गावाला किती इंधन लागेल याचा बराच भरवशाचा अंदाज बांधता येतो. या हिशेबाचा उगम मात्र शेतात आहे. पीक पक्व होण्यास किती उष्णता साठावी लागते हे पाहण्यासाठी फ्रान्सच्या रेओम्यूर याने १७३५ मध्ये दररोजच्या तापमानांची बेरीज करून पाहिली होती. शेतकऱ्याची ही रीत पुढे इंधनाच्या व्यापाऱ्याच्या कामी आली.

जेथे घरोघर शेगडी नाही, तर सबंध शहराला एकाच ठिकाणाहून ऊब पुरविली जाते, तेथे या प्रश्नाला सार्वजनिक रूप येते. मॉस्कोत मोठमोठ्या केंद्रांत तापविलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून इमारतींना पोहोचविले जाते. हे जाळे इतके विस्तृत आहे की ते चालू होण्यासच कित्येक दिवस लागतात. आज बंद, उद्या चालू असा खेळ तेथे करता येत नाही. म्हणून नियम असा ठरला आहे की दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिले, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब सुरू झालीच पाहिजे. २०११ च्या सरकारी नियमावलीतही हीच अट आहे. पाच दिवस का? तर घराच्या भिंती बाहेरची थंडी आत पोहोचू देण्यास साधारण तेवढा अवकाश घेतात आणि एखाद्या दिवसाच्या लहरीवर लक्षावधी लोकांचे इंधन खर्ची पडू नये. रुग्णालये, बालकमंदिरे आणि शाळा यांना प्रथम ऊब मिळते, राहती घरे मागाहून. हा क्रम योग्यच म्हटला पाहिजे.

नियम शहाणपणाचा असला तरी पाळणाऱ्याला सोपा नाही. चार दिवस पारा ६-७ अंशांवर रेंगाळतो आणि पाचव्या दिवशी ऊन पडून सरासरी ९ वर जाते. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोवर घरातले लोक लोकरीचे कपडे घालून स्वयंपाकघरात बसतात. याच्या उलट, ऊब सुरू झाली आणि मागोमाग उबदार दिवसांचा एक झोका परतून आला, तर जुन्या इमारतींतील रेडिएटर कमी करण्याची सोय नसल्याने लोक खिडक्या उघडतात आणि नगरपालिकेचे इंधन रस्त्यावरची हवा तापवीत बसते. शरद ऋतूतील अशा उबदार दिवसांना रशियन भाषेत ‘बायकांचा उन्हाळा’ असे मोठे मजेदार नाव आहे.

चीनने तापमापकापेक्षा पंचांगावर अधिक भिस्त ठेवली. बीजिंगमध्ये ऊब १५ नोव्हेंबरला सुरू व्हावयाची आणि १५ मार्चला थांबावयाची, ही प्रथा आहे. २००९ साली १ नोव्हेंबरलाच बर्फ पडले तेव्हा तारीख अलीकडे ओढावी लागली. तारखेप्रमाणे सीमारेषाही ठरलेली होती. हुआइ नदी आणि छिनलिंग पर्वत यांच्या उत्तरेस सरकारी ऊब मिळे, दक्षिणेस मिळत नसे. इंधन मोजके असताना कोठेतरी रेघ ओढणे भाग होते हे खरे. पण थंडी रेघ मानीत नाही. रेघेच्या दक्षिणेकडील शहरांतही हिवाळ्यात पारा शून्याजवळ जातो. उत्तरेकडच्यांना ऊब मिळाली ती कोळसा जाळून, आणि त्या धुराची किंमत त्यांनी वेगळ्या मार्गाने चुकविली. रेघेच्या दोन्ही बाजूंची तुलना करणारे एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात उत्तरेकडील लोकांचे सरासरी आयुर्मान धुरकट हवेमुळे सुमारे साडेपाच वर्षांनी घटल्याचा अंदाज मांडला आहे.

न्यूयॉर्क शहराने आणखी निराळी वाट धरली. तेथे कायदा घरमालकाला उद्देशून आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या) खाली गेले, तर भाडेकरूच्या खोलीत निदान ६८ अंश, म्हणजे २० अंश सेल्सिअस तरी ऊब असली पाहिजे. भाडेकरूच्या हातात कळ नसते, म्हणून त्याच्या हातात कायदा दिला आहे.

ऊब लांबणीवर टाकण्यात काटकसर दिसते, पण तिलाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड प्रदेशांतील घरांसाठी १८ अंश ही किमान पातळी सुचविली. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि वृद्धांच्या हृदयावर ताण येतो. शिवाय गार घर ओलसरही होते. १८ अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर १० अंशांपर्यंत थंड झालेल्या भिंतीवर दव धरू लागते. माणसांच्या श्वासांतील आणि स्वयंपाकातील वाफ कोपऱ्यांत जिरते व तेथे बुरशी येते.

घाईने पेटवण्यातही धोका आहे, आणि तो इंधनाच्या खर्चापुरताच नाही. काश्मिरी घरांत बुखारी, म्हणजे धुराडे जोडलेली लोखंडी शेगडी असते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या धुराड्यात काजळी साचते, क्वचित पाखरांचे घरटेही असते. तशीच बुखारी पेटविली आणि गारव्याच्या भीतीने दारे-खिडक्या घट्ट लावल्या, तर अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू खोलीत भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, झोप येणे ही लक्षणे इतकी साधी असतात की माणूस अंथरुणावर पडतो आणि उठत नाही. कोळशाची उघडी शेगडी बंद खोलीत घेऊन निजणे याहूनही घातक. मैदानी प्रदेशांतील हिवाळ्यातही असे अपघात घडतात. तेव्हा हिवाळ्याची पहिली काडी ओढण्याआधी धुराडे झाडून घ्यावे आणि खिडकीला थोडी फट ठेवावी. कांगडीही निर्धोक नाही. पोटाच्या व मांडीच्या कातडीवर वर्षानुवर्षे तिची धग लागून होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एल्म्स्ली या डॉक्टरने १८६६ मध्येच केले होते.

काश्मिरातील हमाम मात्र घाई आणि दिरंगाई या दोहोंनाही दाद देत नाही. हमाम म्हणजे जमिनीवर दगडी लाद्या बसविलेली खोली. लाद्यांखालच्या पोकळीत लाकडे जळतात. दगड तापण्यास वेळ फार लागतो, पण एकदा तापला की विस्तव विझल्यावरही तो ऊब देत राहतो. असा हमाम थंडी वाजू लागल्यावर पेटवून उपयोग नाही. त्याला आदल्या वेळी आठवण ठेवावी लागते. सबंध घर तापविण्याचा खटाटोप तेथील कुटुंबे करीतही नाहीत. हिवाळा लागला की सारा परिवार एका-दोन खोल्यांत येतो, बाकीच्या खोल्या बंद होतात.

लडाखात लेहच्या परिसरात काही शाळा व घरे दक्षिणेकडे मोठ्या काचा आणि आत मातीच्या जाड भिंती अशी बांधली आहेत. उंचीमुळे तेथील हिवाळी ऊन प्रखर असते. दिवसा ते आत शिरते, भिंती ते साठवितात आणि रात्री परत देतात. तेथे शेगडी पेटविण्याच्या दिवसाऐवजी संध्याकाळी काचांवरचे पडदे ओढण्याची वेळ सांभाळावी लागते.

काश्मिरी लोक कडक थंडीचे तीन भाग मानतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ला-इ-कलान, मग वीस दिवसांचा चिल्ला-इ-खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ला-इ-बच्चा. मार्चच्या आरंभी हा तिसराही संपतो. पण भिंती अजून गारच असतात, म्हणून बुखारी लगेच उचलून ठेवली जात नाही. बाहेर बदामाला फुले येतात आणि आत संध्याकाळी दोन लाकडे जळतच असतात.