संशोधन-प्रकल्पाचा विषय कसा निवडावा?

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी विद्यार्थी बहुधा ‘बोलीभाषांचा अभ्यास’ असा विस्तृत विषय घेतात. मग माहिती जमते, निष्कर्ष निघत नाही. विषयाला स्थळ, वस्तू आणि प्रश्न अशा तीन मर्यादा हव्यात. काळी नदीच्या उगमाजवळचे, जोयडा तालुक्यातील दिग्गी घ्या. या तालुक्यातील कुणबी मुडलीसारखे कंद पिकवतात. कंदांची किती नावे आजीला येतात, किती नातवाला? त्यांत मराठी, कोकणी, कन्नड कोणती? हे एका सत्रात तपासता येते. सुपा धरणात बुडालेल्या गावाची नोंद सरकारदफ्तरी आहे. आजीबरोबर जाणाऱ्या शब्दाची नसते. म्हणून विषय ठरवताना स्वतःला विचारावे : हे आज नोंदवले नाही, तर उद्या कुणाला विचारणार?