स्टड घ्यावेत मैदान बघून

बुटाच्या तळाचे स्टड किंवा खिळे पळताना, वळताना आणि थांबताना पाय जमिनीला धरून ठेवतात. ही पकड कमी पडली तर खेळाडू घसरतो. गरजेपेक्षा जास्त झाली तर प्रकरण अधिक महागात पडते: बूट रुतून बसतो, अंग वळते, पाऊल मात्र वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून बूट घेताना खेळाइतकाच, किंबहुना त्याच्याआधी, मैदानाचा विचार करावा लागतो.

फुटबॉलच्या बुटांच्या खोक्यावर दोन अक्षरे छापलेली असतात, आणि घाईत तीच बघायची राहतात. एफजी म्हणजे गवत असलेले, घट्ट पण किंचित ओलसर मैदान. याच्या तळाला साच्यातच ओतलेले मध्यम लांबीचे स्टड असतात. एसजी चिखलासाठी. त्यात साधारण सहा लांब स्टड असतात, बहुधा धातूच्या टोकाचे, आट्यांवर बसवलेले आणि म्हणून बदलता येणारे. 4 जुलै 1954 रोजी बर्नमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना पावसात झाला, तेव्हा पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या पायात बूट बनवणाऱ्या आदी डास्लर यांचे असेच आट्यांचे स्टड होते. बलाढ्य हंगेरी 3-2 अशी हरली. विजयाचे सगळे श्रेय बुटांना देणे अतीच होईल, पण आट्यांच्या स्टडचे नाव त्या दिवशी जगभर झाले. एजी कृत्रिम गवतासाठी असतो. त्याचे स्टड आखूड, गोल आणि संख्येने जास्त. टीएफला खरे तर स्टड नसतातच, तळभर बारीक रबरी गाठी असतात.

आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक मैदानांवर दिवाळीनंतर गवत नावालाच उरते. खाली मुरूम, वर धूळ. अशा जमिनीत एफजीचे स्टड शिरत नाहीत. खेळाडू त्यांच्या टोकांवर उभा राहतो आणि तळव्याला खडे टोचत राहावेत तसे होते. वाढत्या वयाच्या मुलांच्या टाचा यानेही दुखू शकतात. कठीण जमिनीवर टीएफच बरा.

क्रिकेटमध्ये खरी गरज वेगवान गोलंदाजाला. चेंडू टाकताना त्याच्या पुढच्या पायावर वजनाच्या कितीतरी पट भार आदळतो, त्यामुळे मातीच्या खेळपट्टीवर त्याला धातूचे स्पाइक लागतात. मुंबईची कांगा लीग 1948 पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. तिथल्या ओल्या जमिनीवर रबरी तळ म्हणजे घसरगुंडी. मॅटिंग किंवा सिमेंटच्या विकेटवर मात्र स्पाइक चालत नाहीत: मॅट फाटते, सिमेंटवर पाय सरकतो.

धावपटूंच्या स्पाइकला तर मिलिमीटरचे नियम आहेत. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा 9 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. उंच उडी आणि भालाफेकीला 12 मिलिमीटरपर्यंत सूट आहे. एका बुटात जास्तीत जास्त 11 खिळे. ते किल्लीने काढता-घालता येतात, त्यामुळे मातीच्या ट्रॅकवर सराव करणाऱ्याला लांब खिळ्यांचा वेगळा संच ठेवणे सोपे जाते. रग्बीचे स्टड 21 मिलिमीटरपर्यंत असू शकतात, कारण तिथे घोळक्यात रेटा द्यायचा असतो. हॉकी आता कृत्रिम टर्फवर गेल्याने रबरी गाठींवरच भागते.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि खेळताना घालायचे तेच मोजे चढवून बघावेत. मुलांसाठी ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून एक नंबर मोठा घेण्याची आपली सवय इथे सोडावी. सैल बुटात पाय आतल्या आत सरकतो आणि खालचे स्टड कितीही चांगले असले तरी त्यांचा उपयोग होत नाही. धातूच्या स्टडची झिजलेली कडा सुरीसारखी होते, त्यामुळे सामन्याआधी त्यांवरून बोट फिरवून बघावे.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलासाठी एकच जोड परवडत असेल आणि मैदान शाळेचे, मुरमाचे असेल, तर टीएफ घ्यावा.